मांडी न घालणारा मुलगा

रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील संपेपर्यंतही आमचा पुतण्या मांडी घालून बसत नसे. वय अवघे २६. जांघेत कळ येते म्हणायचा. आम्ही चारचौघांत त्याला झापले, "या वयात ही थेरं?" आता ते आठवले की मान खाली जाते.

एक्स-रेत दिसले ते असे: मांडीच्या हाडाचा गोळा जिथे मानेला मिळतो तिथे हाडाचाच उंचवटा. पाय दुमडून वळवला की तो खुब्याच्या वाटीच्या कडेवर घासतो, कूर्चा फाटते. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या डॉ. राइनहोल्ड गांझ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे नीट मांडले. दुर्बिणीने, दोन-तीन छोट्या छिद्रांतून, उंचवटा तासता येतो. पण उठसूट शस्त्रक्रिया नको. ब्रिटनमधील ३४८ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्यायामोपचारानेही आराम पडला, शस्त्रक्रियेने वर्षभरात थोडा अधिक. खुबा फार झिजल्यावर मात्र तिचा उपयोग कमी.

पुतण्याने आधी सहा महिने व्यायामच केला. मग शस्त्रक्रिया, काही आठवडे कुबड्या. हल्ली वंदनेला तो खुर्चीवर बसतो. खुर्ची आम्हीच मांडतो. कुणी विचारलेच, तर उत्तरही आम्हीच देतो.