मुठीचे धान्य

आज एका प्राथमिक शाळेच्या पालकसभेस जाणे झाले. भिंती नव्याने रंगविलेल्या, दफ्तर चोख, खुर्च्या मात्र निम्म्या रिकाम्या. आणि जे आले होते तेही, शाळा म्हणजे जणू मामलेदार कचेरी असून आपण दाखल्यासाठी तिष्ठत आहोत, अशा मुद्रेने बसलेले.

परतताना, एस.टी. कृष्णेचा पूल ओलांडीत असता, कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण झाले. हा मुलूख, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग, १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्या मुलुखात, १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या पुरुषाने पुढे खेडोपाडी ज्या व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांस ना स्वतःची इमारत होती, ना सरकारी खजिन्याचा भरवसा. देवळाच्या ओवरीत वा चावडीवर वर्ग भरत, आणि शाळा चालविण्याचा भार गावही उचली. साताऱ्याच्या वसतिगृहात १९२४ पासून नाना जातींची मुले एका पंक्तीस जेवीत. त्यांच्यासाठी घरोघरी मुष्टिफंडाचे धान्य निघे. (कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्या लेकरांपायी मंगळसूत्रही दिले, सभेतील भाषणांत हा प्रसंग आला, पण टाळ्यांपुरताच.) दळणाआधी जिने मूठभर जोंधळे बाजूस काढले, तिला त्या वसतिगृहाविषयी परकेपणा कसा वाटावा? आपण मात्र पालकांकडून स्वाक्षरीवाचून काही मागतच नाही.

पुढील सभेस प्रत्येकाने घरची एक भाकरी आणावी, असे मुख्याध्यापकांस पत्र लिहिले आहे. उद्या टपालात टाकीन.