ओकच्या सावलीतली टोपली

डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती असते आणि खळग्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाजवळ, ओक ग्रोव्ह उद्यानात आखले गेले. उद्यानाला आता हाहामोंग्ना म्हणतात. कुंपणापलीकडे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. तिथे घडवलेली अंतराळयाने सूर्यमालेच्या कडेपर्यंत गेली. कुंपणाच्या अलीकडे दोन झाडांमधून चकती सत्तर मीटर न्यायची असते, आणि तेही सोपे नाही.

मैदान आखणारे एड हेड्रिक व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत होते. आजच्या फ्रिस्बीचे १९६७ चे पेटंट त्यांच्याच नावावर आहे. सुरुवातीला चकती नुसत्या खांबावर मारत, आणि ती लागली की नाही यावरून वाद होत. साखळ्यांनी तो वाद मिटवला. वेगात आलेली चकती साखळ्यांत अडकते, तिचा जोर विरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. निकाल कानांनाही कळतो. या रचनेला १९७७ मध्ये पेटंट मिळाले. हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या घडवल्या गेल्या.

पुढे चकत्यांच्या कडा धारदार झाल्या. मोकळ्यावर दीडशे मीटरपलीकडे फेकणारे खेळाडू आले, आणि लांबलचक मैदानांना मान मिळाला. मात्र लांबी हा या खेळाचा सर्वांत कमी रंजक गुण आहे. झाडीतल्या आखूड मैदानावर खांद्यातल्या ताकदीचा फारसा उपयोग नसतो. तिथे आधी फट शोधावी लागते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेगात असताना ती थोडी उजवीकडे झुकू शकते आणि वेग ओसरला की डावीकडे वळते. फोरहँडला हेच उलट. म्हणून एकाच बुंध्याला वळसा घालण्याचे डावखुऱ्याचे आणि उजव्याचे उत्तर वेगळे असते. जाणते खेळाडू इथे लांब पल्ल्याचा ड्रायव्हर पिशवीतच ठेवतात आणि जाड कडेचा, संथ, सरळ जाणारा पटर काढतात. चकती खोडावर आपटली तर दंड नाही, पण ती पडली तिथूनच खेळावे लागते. पवित्रा घेताना फांदी मोडायची नाही, डहाळी बांधून ठेवायची नाही, अंगाने झाडी कमीत कमी हलेल असेच उभे राहायचे. नियमपुस्तकातला हा सर्वांत सुंदर नियम आहे.

झाडांवरचे खरे संकट चकतीपेक्षा पावलांचे असते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीचा ओक सदाहरित असतो, पाने लहान, कडक, काठाला काटेरी. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. झाडाची घडण त्या कोरडेपणाशी जुळलेली असते. भर उन्हाळ्यात बुंध्याशी पाणी घातले तर बुरशी मुळाशी शिरते आणि झाड कुजते, म्हणजे प्रेमाने घातलेले पाणीच त्याला मारते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत. त्या थरावरून रोज माणसे चालली की माती दाबली जाते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो आणि मुळे गुदमरतात. वर पालवी हिरवी असते, त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाला काही कळत नाही. कळते तेव्हा शेंडा वाळू लागलेला असतो.

अशा मैदानांवर स्वयंसेवकांचे श्रमदान म्हणजे मुख्यतः या मातीची राखण. छाटलेल्या फांद्यांच्या ढलप्या करून पायवाटांवर आणि टोपल्यांभोवती बोट-दीड बोट उंचीचा, कधी अर्ध्या वितीचा थर पसरतात. बुंध्याची मान मात्र उघडी ठेवतात, कारण तिथे ओल साचली की साल सडते. उतारावर आडवे ओंडके रोवून माती अडवतात. फेकण्याच्या जागेसमोरच्या ज्या खोडांवर चकत्या नेमाने आदळतात, त्यांना उभ्या फळ्यांचे कवच करतात, कारण सालीखालचा जिवंत पदर चेचला की जखम सहज भरत नाही. दिवसअखेर फावडी, घमेली धुऊन ठेवली की केलेले काम नजरेत फारसे भरत नाही. नवी टोपली बसवली तर सगळ्यांना दिसते. भुसभुशीत राहिलेली माती कोण पाहणार? तरीही मैदानाची खरी सुधारणा तीच.

सर्वांत हुशार उपाय आखणीतच असतो. प्रत्येक टोपलीसाठी जमिनीत दोन-तीन ठिकाणी नळकांडी पुरून ठेवतात. एका जागेची जमीन झिजली की टोपली उपसून दुसऱ्या नळकांड्यात उभी करतात आणि जुनी जागा पावसाळाभर सोडून देतात. फेकण्याची जागा तीच राहते, झाडेही तीच. पण कालपर्यंत निरुपयोगी असलेली फट आज कामाची ठरते, आणि रोज येणाऱ्या खेळाडूलाही पहिल्या फेकीपूर्वी थांबून पाहावे लागते.