अक्षय्य तृतीयेची किल्ली

सांगलीच्या गणपती पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जी जुनी दुमजली घरे अजून उभी आहेत, त्यांपैकी एका घराची ही हकीकत. पुढे दगडी जोत्यावर दोन गाळे, त्यांच्यामागे हळदीची वखार, मधे लहानसा चौक, चौकात आड आणि वर सागवानी तुळयांवर पेललेली माडी. घर आजोबांनी बांधले, तेव्हा त्यांची हळदीची अडत होती. पुढे पेठेतला तो व्यापार मार्केट यार्डाकडे गेला, वखार ओस पडली आणि एका गाळ्यात पुस्तके-वह्या बांधणारा एक भाडेकरू तेवढा राहिला. आजोबांच्या नातवाला सारे दादा म्हणतात. ते एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले, कारखान्याच्या वसाहतीतले घर सोडावे लागले आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आक्कांजवळ, आपल्या आईजवळ, ते व वहिनी कायमचे राहायला आले.

घर राहण्याजोगे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्याही वर चढले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात गाळ्यांत सहा फूट पाणी उभे होते. घर अंग धरते न धरते तोच जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा भिजले. तरीही भिंती पुराने तेवढ्या खचल्या नव्हत्या, जेवढ्या माणसांच्या शहाणपणाने खचल्या होत्या. २००५ च्या पुरानंतर खालच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुना ओल घेतो आणि सोडतोही; सिमेंटने ती आत कोंडून ठेवली. कोंडलेली ओल भिंतीतून वर चढत गेली आणि तुळयांची जी टोके भिंतीत बसलेली असतात, तिथे जाऊन मुरली. सुताराने पटाशी लावली तेव्हा ती लाकडात नव्हे, कोंड्यात शिरावी तशी शिरली.

मुलगा पुण्याला नोकरीस आहे. त्याचे म्हणणे, घर विकून टाकावे. दादांनी वहीत आकडे मांडले. वरच्या मजल्यावर स्वतः राहायचे, मागच्या दोन खोल्या शिकणाऱ्या मुलींना द्यायच्या, खाली गाळे भाड्याने द्यायचे. खर्च अठरा लाख, कर्ज तेवढेच, व्याज नऊ टक्के, मुदत दहा वर्षे, हप्ता २२ हजार ८०० रुपये. भाड्यातून हप्ता सुटला तर घर आपल्या पायावर उभे राहते, नाही तर नाही. आकडे खोटे बोलत नाहीत, असे मानणाऱ्या पिढीतले ते गृहस्थ. त्यांनी काम काढले ते २०२२ च्या दिवाळीनंतर. पावसाळ्यापूर्वी, चातुर्मास लागण्याच्या आत, खणणे-पाडणे संपलेच पाहिजे ही आक्कांची अट होती. अभियंत्याचेही म्हणणे तेच निघाले. कारण मात्र वेगळे.

पहिला पेच जिन्याचा पडला. माडीवर जाणारा जुना जिना वखारीतून होता. खाली परके भाडेकरू आणि वर राहते घर म्हटल्यावर जिना वेगळा हवा. चौकातून तो सहज निघत होता, फक्त आड बुजवावा लागणार होता. अभियंता म्हणाला, “नळाला पाणी आहे, बोअर आहे. आड कशाला हवा?” आक्का खाटेवरून उठून चौकात आल्या. पेठेत मुनिमहाराजांचा विहार होतो तेव्हा आहाराचा चौका या घरात लागत आला, आणि चौक्याला नळाचे पाणी चालत नाही. विहिरीचे किंवा आडाचे, गाळलेले लागते. गाळण्याला लागलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात अलगद सोडायचे असतात, आणि ती कडीची बादली आक्कांनी लग्न होऊन आल्यापासून हाताळली होती. त्या एवढेच म्हणाल्या, “बाळ, पुराचा गाळ काढायला तीन वेळा माणसं लावली मी. बुजवायचा असता तर पुरानंच बुजवला असता की.”

आड राहायचा तर जिना पश्चिमेच्या भिंतीकडून काढावा लागणार आणि त्यासाठी दुसऱ्या गाळ्याची तीन फूट रुंदी जाणार. दुसरा गाळा म्हणजे बाइंडर चाचांचा.

चाचांचे वडील १९७४ साली या गाळ्यात आले. पेठेतल्या पेढ्यांच्या कीर्द-खतावण्या, शाळांच्या हजेऱ्या आणि जिनमंदिरातल्या जीर्ण पोथ्या ते बांधून देत. बांधणीला सरस वापरायची रीत. सरस निघतो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. पोथ्यांसाठी आजोबांनी तो नको म्हटला, तेव्हापासून मंदिराच्या कामासाठी वेगळे भांडे आले. त्यात मैद्याची खळ शिजे, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद पडे आणि पाठीला चामड्याऐवजी जाड कापड लागे. वडिलांमागे चाचांनीही ते भांडे वेगळेच ठेवले. २०१९ च्या पुरात कागद असा फुगला की लाकडी कपाटाच्या फळ्या उकलल्या. भाड्याच्या पावत्या, गिऱ्हाइकांच्या वह्या, सगळ्याचा लगदा झाला. फक्त पुस्तके दाबायचा बिडाचा प्रेस जागचा हलला नाही. त्याला हलवायला सहा माणसे लागतात.

दादांनी तीन फुटांची गोष्ट काढली तेव्हा चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खळीला पाणी त्याच आडाचं घेतो मी, दादा. तीन फूट घ्या. प्रेस तेवढा सरकवून द्या म्हणजे झालं.” काम होईतो त्यांनी गाळा रिकामा केला, घरीच चटईवर बसून वह्या शिवू लागले आणि किल्ली दादांच्या हातात दिली. अक्षय्य तृतीयेला ती परत मिळायची, असे ठरले. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाच्या रसाचा पहिला आहार दिला तो हा दिवस. जैन घरांत त्याचे महत्त्व मोठे, म्हणून तो नेमला. कागद झाला नाही. तो करावा, हे दोघांनाही सुचले नाही.

जुन्या घराचे काम काढू नये म्हणतात ते उगीच नव्हे. एक तुळई म्हणता म्हणता चार निघाल्या. कुजलेली टोके कापून दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले, तोवर माडी खाली टेकूंवर तोललेली. माडीच्या फळ्या उचलल्या तर सांध्यांत हळदीची पूड. इतक्या वर्षांनी बोटाला रंग लागावा अशी. खालचे सिमेंट काढून पुन्हा चुना दिला. गवंड्यांत चुन्याचा हात असलेला एकच म्हातारा सापडला आणि तो दुपारनंतर काम करीत नसे. विजेचा मुख्य फलक जिन्याच्या वरच्या टोकाशी नेला, खालची बटणे पुराच्या खुणेवर साडेसहा फुटांवर बसवली, सांडपाण्याच्या नळाला उलटे पाणी आत न येऊ देणारा व्हॉल्व्ह लावला, घराचे आणि दुकानांचे वीजमीटर वेगळे केले.

वाळवीचा प्रश्न सर्वांनीच आक्कांपासून दडवला होता. त्यांना तो अर्थात कळला. जोत्याभोवती औषध घालावे लागणार, याला उपाय नव्हता. त्या रागावल्या नाहीत. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायची. संसारातली आरंभी सुटत नाही, पण ती झाली नाही असे मात्र म्हणायचे नाही, अशी त्यांची समजूत. काम संपेपर्यंत त्यांनी तूप सोडले. दादांनी खर्चाच्या वहीत वाळवीच्या औषधाची रक्कम लिहिली आणि समोरच्या रकान्यात काही लिहिले नाही.

फाल्गुनात भाडेकरू विचारणा करू लागले. एकाला बिअरचे दुकान घालायचे होते. त्याला नकार द्यायला अर्धा मिनिटही लागला नाही. असे नकार सोपे असतात. अवघड प्रस्ताव आला तो सर्वस्वी सभ्य होता. सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीला शाखेसाठी जागा हवी होती. नऊ वर्षांचा करार, महिना ४५ हजार, मोठी अनामत, दर तीन वर्षांनी वाढ. अट एकच: दोन्ही गाळे मिळून एक दालन. मधली भिंत काढून गर्डर टाकण्याचा खर्च कंपनीचा.

चाचांचे भाडे महिना ३५० रुपये होते.

नात्यातले एक वकील संध्याकाळी येऊन बसले. दुरुस्तीसाठी बाहेर पडलेल्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायदा देतो, हे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, “पण तो भाडेकरू आहे हे तो दाखवणार कशावरून? पावत्या पुरात गेल्या. वीजमीटर तुमच्या नावावर. किल्ली तुमच्याकडे. भला माणूस आहे, कोर्टाची पायरी चढणार नाही. लाखभर रुपये हातावर ठेवा, दुवा देईल.” बोलणे थंड डोक्याचे होते आणि त्यात कोणाविषयी वाईट शब्द नव्हता.

दादांनी आठ दिवस कोणालाच उत्तर दिले नाही. ते डगमगले नाहीत, असे लिहिणे खोटे होईल. त्यांना निवृत्तिवेतन नावापुरते मिळते. ४५ हजारांत हप्ता सुटून महिना चालत होता, आक्कांचे औषधपाणी निघत होते, मुलापुढे हात पसरावा लागत नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी माडीवरची पेटी उघडली. भाडेकरू असल्याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी उरला होता, तो त्यांच्याच घरात: आजोबांची आणि नंतर वडिलांची खतावणी. १९७४ च्या पानावर मोडीमिश्रित अक्षरात नोंद होती, ‘गाळा २, बाइंडर, भाडे रु. ४०’, आणि पुढे दर महिन्याची जमा. त्या वहीची शिवण अजून घट्ट होती. बांधणी कोणाची ते पाहायला नको होते.

त्यांनी वहिनींना विचारले. वहिनींचा सारा संसार कारखान्याच्या दोन खोल्यांत झाला; या घराकडून त्यांच्याही अपेक्षा होत्या. त्या म्हणाल्या, “मला विचाराल तर पैसे हवेत. खोटं कशाला सांगू? पण रोज जिना उतरताना त्या शटरकडं बघायचंय ते तुम्हाला. तुम्हाला बघवणार असेल तर करा.” आक्कांना विचारायचे धैर्य दादांना झाले नाही. त्यांच्या हिशेबी स्वभावाला हेच एक टोचत राहिले, की जी गोष्ट आईला सांगता येत नाही ती वहीत कोणत्या खात्यावर घालायची.

नवव्या दिवशी गवंडी फरशी टाकायला आला. कोटा दगडाच्या लाद्या गाळ्यांपुढे रचलेल्या होत्या. दोन्ही गाळे एक करायचे असतील तर तळ एका पातळीत आणायचा होता, म्हणून तो थांबला होता. प्रेस अजून दुसऱ्या गाळ्याच्या मध्यावर, गोणपाटाखाली. गवंड्याने विचारले, “दादा, हे धूड कुठं टाकायचं? बाहेर काढू का?”

“बाहेर नको,” दादा म्हणाले. “पूर्वेला तीन फूट सरकवा आणि त्याच्याभोवती फरशी घ्या.”

सहा माणसे लागली. त्यानंतर त्यांनी कंपनीला फोन केला, मग वकिलांना. वकील बराच वेळ बोलत होते. दादा ‘हो’ म्हणत ऐकत राहिले.

त्या रात्री वहीत नवे आकडे मांडले गेले. मुलाला सहकर्जदार करून मुदत पंधरा वर्षे. हप्ता १८ हजार २५० च्या आसपास. मुलाने कुरकुर केली, मग सही केली. एकूण फेड मात्र साडेपाच लाखांनी वाढली. ती रक्कम दादांनी लाल शाईने लिहिली आणि तिच्याखाली दुहेरी रेघ ओढली, हिशेब बंद करताना ओढतात तशी. पहिल्या गाळ्यात औषधांचे दुकान आले, १४ हजारांवर. मागच्या खोल्यांत दोन मुली आल्या, महिना सात हजारांवर. करार नोंदवलेला, अकरा महिन्यांचा. त्यात घरात मांसाहार शिजवू नये असे कलम आक्कांच्या आग्रहाने पडले. ते वाचून मुलींपैकी एक हसली आणि म्हणाली, स्वयंपाकच कुणाला येतो आजी!

अक्षय्य तृतीयेला सकाळी देवदर्शन आटोपून दादांनी किल्ली चाचांच्या घरी नेऊन दिली. या खेपेस सोबत कागदही होता: भाडेकरार, दोन प्रतींत, आणि खतावणीतल्या १९७४ च्या पानाची छायाप्रत. चाचांनी चष्मा लावून ती प्रत पाहिली, वडिलांच्या नावावरून बोट फिरवले. भाड्याचा आकडा दादांनी कोरा ठेवला होता. चाचांनी स्वतःच तीन हजार म्हटले, आणि ‘चालू दोन महिने सोडून’ असे पुढे जोडले.

दुपारी ते गाळ्यात आले. फरशी निरखली, प्रेसचे चाक फिरवून पाहिले, खळीचे वेगळे भांडे कोनाड्यात ठेवले. मग दिवा लावायला भिंतीकडे वळले, तर बटण साडेसहा फुटांवर. पाठीत वाकलेल्या माणसाचा हात तिथवर पोचेना. “हे काय केलंत दादा, पुरासाठी दिवे आणि आमच्यासाठी अंधार?” दादा वर गेले आणि आक्कांचा जपाला बसायचा चौरंग घेऊन खाली आले. आक्कांनी माडीच्या खिडकीतून ओरडून सांगितले, उद्या सुताराकडून स्टूल करून घ्या, तो परत द्या.