छावणीतील संध्याकाळ

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून पूर्वी काशीयात्रेहून परतलेल्या माणसाला जे प्रश्न विचारले जात, तेच थोड्याफार फरकाने हल्ली दुबईहून आलेल्यास विचारले जातात. कसे गेलात, काय पाहिलेत, खर्च किती आला, आणि शेवटी हमखास : ‘ती वाळवंटातली सफर कशी असते हो? आमच्या वयाला झेपेल का?’ मुले-सुना, लेकी-जावई आखातात स्थिरावल्यामुळे साठी उलटलेल्या आईवडिलांची ही वारी आता नित्याची झाली आहे. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे गेलो असता सहकुटुंब ही सफर करून आलो. विचारणारांची संख्या पाहता एकदाचे सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटले. शिवाय त्या संध्याकाळी एक असा प्रश्न पुढे आला की, तो केवळ आमच्या घरचा नाही. म्हणूनही हा लेखनप्रपंच.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. दुपारी तीनच्या सुमारास मोटार दाराशी येते. भक्कम बांध्याची, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली ही गाडी सहा-सात माणसे घेऊन शहराबाहेर पडते. पाऊण-एक तासात उंच इमारती मागे पडतात आणि हट्ट्याच्या रस्त्यावर लाहबाबच्या परिसरात तांबूस वाळूच्या टेकड्या दिसू लागतात. वाळूच्या कणांवरील लोहाच्या गंजामुळे तिला हा रंग येतो. डांबरी सडक संपते तेथे सगळ्या गाड्या थांबतात व चालक चाकांतील हवा निम्म्याने कमी करतात. हवा कमी झाली की चाक पसरते, गाडीचे ओझे अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. उंटाच्या पसरट तळव्याची हीच युक्ती आहे.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे गाडी टेकड्यांवर चढते, माथ्यावर क्षणभर अधांतरी वाटते आणि तिरपी होऊन खाली घसरते. यालाच तेथे ‘ड्यून बॅशिंग’ म्हणतात. ज्यांना हृदयविकार, मानेचे वा मणक्याचे दुखणे आहे त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आणि तान्ह्या मुलांना घेऊन यात बसू नये. अशा मंडळींना थेट मुक्कामावर नेण्याची सोय पुष्कळदा असते. मात्र ती आधी विचारून ठरवावी. दुपारचे जेवण हलके असावे. पुढच्या आसनावर धक्के कमी जाणवतात, म्हणून ते घरातील ज्येष्ठांसाठी मागून घ्यावे. आमच्या सौभाग्यवतींनी कंबरेचे कारण सांगून ते आधीच पटकावले होते, आणि नंतर सर्वांत मोठ्याने हसतही त्याच होत्या.

आमचा चालक पेशावरकडचा, पन्नाशीचा पठाण होता. बावीस वर्षे तो या वाळूत गाडी चालवीत होता. रस्ता कसा ओळखता, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, इथे रस्ता नसतोच. वारा रोज टेकडी हलवतो. कालची खूण आज धरून चाललं, तर गाडी उलटेल.’ मग मुलाबाळांची चौकशी केली. ती गावीच होती. दोन वर्षांतून एकदा तो महिनाभर जातो. ‘तिथे गेलो की घरात पाहुण्यासारखी बडदास्त असते,’ एवढे बोलून त्याने पुन्हा समोर पाहिले.

सूर्यास्ताला गाड्या एका उंच टेकडीपाशी थांबतात. सर्वजण छायाचित्रांच्या मागे असतात, ते साहजिकच आहे. पण वाऱ्याने टेकडीच्या कडेवरून भुरभुर उडणारी वाळू आणि सूर्य बुडताच पायाखाली जाणवणारा गारवा अनुभवण्यासाठी चार पावले बाजूस जाऊन उभे राहावे. शाल बरोबर असावी. हिवाळ्यात वाळवंट फार लवकर थंड होते. ऑक्टोबर ते मार्च हा या सफरीचा खरा काळ. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा आपल्या वयाच्या माणसांनी त्या वाटेस जाऊ नये.

तेथून मुक्कामाचा तळ जवळच असतो. चौफेर कनातींचे कुंपण, मध्ये नाचासाठी चौथरा, भोवती गालिचे, लोड आणि बुटकी मेजे. शिरतानाच उंट बसलेले असतात. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. अशा वेळी मागे रेलून खोगिराची मूठ घट्ट धरावी. उतरतानाही तेच. फेरी जेमतेम दोन-चार मिनिटांची असते. मेंदी काढून मिळते, अरबी पोशाख घालून छायाचित्र काढता येते, हातावर ससाणा बसवून घेता येतो. यांतील काही गोष्टी तिकिटातच असतात, काहींना वेगळे दिरहम पडतात. हात पुढे करण्यापूर्वी विचारावे. जेवणात कुबूस, हुम्मुस, कोशिंबिरी, भाजलेले मांस असते, आणि शाकाहाऱ्यांसाठी डाळ-भात-भाजीही. मग आगीचे खेळ, ‘तनूरा’ आणि बेली डान्स. रमजानच्या महिन्यात नाचगाणे बहुतेक बंद असते. रात्री नऊ-साडेनऊला माणूस घरी पोहोचतो.

एवढे वाचून कोणाला वाटेल की, ही अरबांच्या भटक्या जीवनाची झलक झाली. त्याबाबत अपेक्षा बेतानेच ठेवावी. तनूरा हा घेरदार झगा घालून गिरक्या घेण्याचा नाच मूळचा इजिप्तचा, सूफी परंपरेतून आलेला. बेली डान्सही या वाळवंटाचा नव्हे. त्या रात्री नाचणारा इजिप्तचा होता, मेंदी काढणारी हैदराबादची, स्वयंपाकी नेपाळचा आणि उंटवाला सिंधचा. त्या कुंपणाच्या आत आम्हांला एकही अमिराती मनुष्य दिसला नाही. देशाच्या लोकसंख्येत परदेशी माणसेच सुमारे नऊ-दशांश आहेत, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही.

तरीही तेथे अस्सल असे काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ससाण्याकडून शिकार करविण्याची कला युनेस्कोने 2010 मध्ये आणि ‘गहवा’ म्हणजे अरबी कॉफीचा उपचार 2015 मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला. हा गहवा वेलदोडा घातलेला, फिकट रंगाचा व बिनसाखरेचा असतो; गोडीसाठी सोबत खजूर. वाढणाऱ्याने उंच चोचीची ‘दल्ला’ डाव्या हाती धरावी, बिनकानाचा चिमुकला पेला उजव्या हाताने द्यावा आणि तो कधीही काठोकाठ भरू नये. पाहुण्याने पुरे म्हणायचे असेल तेव्हा पेला हलकेच हलवावा. न हलविल्यास पुन्हा ओतला जातो. आम्हांला गहवा देणारा तरुण मलबारकडचा होता. तो हे सर्व इतक्या निगुतीने करीत होता की, ज्यांची ही रीत त्यांनाही समाधान वाटावे. पगारासाठी शिकलेली रीत होती ती, पण तिच्यात हयगय नव्हती. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली कित्येक वर्षे ढोलक वाजविणारे गृहस्थ मराठी नाहीत, याची आठवण झाली.

तो तरुणच सहज म्हणाला, ‘आप लोग कहाँ के हैं?’ प्रश्न साधा होता. उत्तरे तीन आली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘सातारा.’ मुलगा म्हणाला, ‘ग्वालियर.’ आणि तेथेच जन्मलेली आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, ‘दुबई.’ तरुण हसला आणि पुढच्या गालिच्याकडे वळला. आम्ही मात्र तेथेच अडकलो.

साताऱ्याचे गाव आमच्यापैकी कोणी पाहून कैक वर्षे झाली. तेथे आमचे घर नाही, शेत नाही. कुलदेवतेचा टाक तेवढा आमच्या देवघरात आहे. तरी सौभाग्यवतींचे उत्तर खोटे म्हणवत नाही. मुलाचे उत्तर पारपत्रावर लिहिलेले आहे. आणि नातीने जी भूमी जन्मापासून पाहिली तिचेच नाव तिने घेतले. पण त्या भूमीवर तिचा हक्क किती? जन्माने तेथील नागरिकत्व मिळत नाही. नोकरी आहे तोवर परवाना, तो संपत आला की नवा. 2019 पासून काहींना दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळू लागला आहे; नागरिकत्व मात्र अगदी विरळा. आम्ही महसूल खात्यात उभी हयात घालविली. कब्जा आणि मालकी यांतील फरक आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही नातीच्या तोंडून तो असा समोर आला, तेव्हा हातातला गहवा निवून गेला.

‘आजोबा, तुम्ही का नाही सांगितलं आपण कुठले ते?’ तिने विचारले.

आम्ही तिला आमच्या गावाचे नावच उलगडून सांगितले. लष्कर म्हणजे फौजेची छावणी. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपला तळ दिला. राहुट्या, तंबू, घोडे, बाजारबुणगे. तो तळ पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, देवळे आली, शाळा आल्या आणि छावणीचेच शहर झाले. आपले पूर्वज त्या छावणीतले कारकून. नात क्षणभर भोवतालच्या कनातींकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘मग बाबांचा कॅम्प कधी उठणार?’

मुलगा काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. चौथऱ्यावर आगीचा खेळ सुरू झाला आणि तिचे लक्ष तिकडे गेले.

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते ती पाहण्याच्या गोष्टींत पहिली आहे आणि नेमकी तीच कोणी दाखवीत नाही. चाकांची हवा कमी करण्यासाठी गाडी थांबली होती तेथे वाळूत एक डेरेदार काटेरी झाड उभे होते. बारीक पिसांसारखी पाने, लोंबत्या फांद्या. चालक त्याला ‘गाफ’ म्हणाला. संयुक्त अरब अमिरातीने 2008 मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्ष ठरविले. जवळ जाऊन पाहिले, तर ही आपली शमी! राजस्थानात जिला खेजडी म्हणतात व जिच्या शेंगांची सांगरीची भाजी होते, आमच्या मुरैना-भिंडकडे जिला छोंकर म्हणतात, तीच वनस्पती. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती शमी. दसऱ्याला ग्वाल्हेरच्या मांढरे की माता टेकडीवर शिंदे घराण्याचा प्रमुख जिला तलवारीने स्पर्श करतो आणि जिची पाने सोने म्हणून लुटली जातात, ती शमी. दुबईच्या वाळूत तिला पाणी घालणारे कोणी नाही. मुळे खोल जाऊन ओलावा शोधतात. बदू लोकांची जनावरे तिचा पाला खात आणि माणसे सावलीला बसत. ती कोणी भारतातून तेथे नेली नाही. सिंध-राजपुतान्यापासून अरबस्तानापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात तिचे आपले स्वतःचे राहणे आहे.

आमच्या पूर्वजांची छावणी टिकली, त्याला राज्यकर्त्यांचा आश्रय, वतने व नोकऱ्या ही कारणे होतीच. आमच्या मुलांना तसा आश्रय तेथे नाही, आणि तो नाही म्हणून त्यांनी उद्या काय करावे, हे येथे बसून सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. ‘परत या’ म्हणावे, तर येथे त्यांच्या विद्येला काम कोठे आहे? ‘तेथेच राहा’ म्हणावे, तर परवान्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिलेली दिसते. तेव्हा तुम्हांपैकी जे या हिवाळ्यात आपल्या मुलांकडे जातील, त्यांनी ही सफर अवश्य करावी. शाल न्यावी, पुढचे आसन मागून घ्यावे, पेला हलवायला विसरू नये. आणि चालकाला विनंती करून गाफच्या झाडापाशी नातवंडांना पाच मिनिटे घेऊन जावे.

या दसऱ्याला मुलाचा फोन आला. त्यांच्या घरामागील उद्यानात गाफचे एक झाड आहे, हे नातीने हुडकून काढले होते. एकही पान न तोडता तिने बुंध्याशी अक्षता वाहिल्या आणि आम्हांला ते झाड फोनवर दाखविले. मागे एक वृद्ध माळी झारी घेऊन उभा होता. हे काय चालले आहे, असे त्याने मुलाला हिंदीत विचारले. उत्तर मुलाच्या आधी नातीने दिले : ‘हे आमचं झाड आहे. तुमच्याकडे पण आहे का?’