ओसरीवरचा डाग

तीर्थरूपांच्या माघारी त्यांची जुनी फटफटी माझ्याकडे आली आणि राजूरच्या आमच्या ओसरीवर रोज रुपयाएवढा तेलाचा डाग पडू लागला. दिवाळी तोंडावर, आणि रांगोळीची जागा नेमकी तीच! "गळती थांबत नसेल, तर गाडी विकून टाका," सौभाग्यवतींनी निर्वाणीचे बजावले.

गळते म्हणजे ढिले झाले, असे समजून मी लांब दांड्याच्या पान्याने इंजिनच्या झाकणाचे बोल्ट पिळले. डाग दुप्पट झाला.

मग इंजिन रॉकेलने धुऊन पुसले. गळतीची जागा शोधायला वर कोरडी पूड भुरभुरावी लागते. राजूरला चुन्याला काय तोटा? पण ओलसर चुना ॲल्युमिनियमला खातो. तेव्हा घरातला पावडरचा डबाच लांबवला. इंजिन चालवताच काळी रेघ उमटली, ती मी पिळलेल्या दोन बोल्टांच्या मधोमध! तेल काढले, झाकण उतरवून काचेवर पालथे ठेवले. भोकांपाशी टेकलेले, मध्ये अधांतरी. वडिलांच्या पेटीत आखूड दांड्याचाच पाना का होता, ते तेव्हा उमगले.

काचेवर पॉलिश पेपर पसरून झाकण घासून सपाट केले, नवे कागदी पॅकिंग घातले, आणि समोरासमोरचे बोल्ट त्याच आखूड पान्याने थोडे थोडे आवळले. इंजिनची हवा सोडणारी नळीही मळीने तुंबली होती. कोंडलेली हवा तेलाला बाहेर ढकलते. तीही साफ केली.

पाडव्याला ओसरी कोरडी होती. सौभाग्यवती पावडरचा डबा शोधत होत्या.