हृदय, यंत्र आणि लायडन

हॉलंडला गेलेला मराठी माणूस आम्स्टरडॅमचे कालवे पाहतो, ट्यूलिपच्या ताटव्यांत उभा राहून फोटो काढून घेतो, एखादी पवनचक्की पाहतो आणि चीज घेऊन घरी येतो. आम्हीही हे सारे रीतसर केले. पण मुलगी-जावई तिकडेच असल्यामुळे हाताशी दिवस पुष्कळ होते. मी लायडनला जायचे काढले, तेव्हा जावईबापूंनी जरा नवलानेच विचारले, "तिथं काय आहे, बाबा?"

"मेलेल्या माणसांची भांडणं," सौ.ने परस्पर उत्तर दिले. निघण्यापूर्वी दोन महिने तिने माझे या विषयावरचे वाचन, म्हणजे पर्यायाने प्रवचन, ऐकले होते.

आगगाडीने अर्धा-पाऊण तासाचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडून पायी निघाले की थोड्याच वेळात रापेनबुर्ख नावाचा कालवा लागतो. दोन्ही काठांना जुनी विटांची घरे, उंच खिडक्या, लिंबाची झाडे (आपला कडुलिंब नव्हे, तिकडचा लिंडन), आणि पुलापुलांवर सायकलींची दाटी. १५७४ च्या ऑक्टोबरात स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, तेव्हा या गावातली हजारो माणसे उपासमारीने आणि साथीने मेली होती. त्यांच्या धीराचे बक्षीस म्हणून ऑरेंजच्या विल्यमने पुढच्याच वर्षी गावाला विद्यापीठ दिले. करमाफी हवी की विद्यापीठ, असे त्याने विचारले आणि गावकऱ्यांनी विद्यापीठ मागितले, अशी आख्यायिका आहे. आपल्या एखाद्या नगरपालिकेपुढे असा प्रश्न ठेवला तर काय उत्तर येईल, याचा विचार मी प्रकृतीच्या कारणास्तव टाळला.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वी जोगिणींच्या मठातले प्रार्थनामंदिर. गाव प्रॉटेस्टंट झाले, मठ रिकामे पडले, आणि त्यांत विद्या शिरली. ही गोष्ट पुढच्या साऱ्या हकीकतीत विसरू नये. इथे शास्त्र धर्माच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला आले, आणि घरमालक अगदी शेजारच्याच खोलीत होता!

इमारतीच्या मागे १५९० साली स्थापन झालेली वनस्पतिबाग आहे. औषधी झाडे ओळखायला वैद्यकाचे विद्यार्थी इथे येत. आपल्याकडच्या माणसाने इथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्तुस मलबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ डच अधिकारी व्हान रेडे याने करवून घेतला. त्याच्या १६७८ सालच्या पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या त्या याच विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने, आरनॉल्ड सायनने. त्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनच्या तीन वैद्यांचे प्रमाणपत्र छापले आहे, आणि ते कोंकणी भाषेत, नागरी लिपीत आहे. युरोपातले पंडित शरीरात आत्मा कुठे बसतो यावर हातघाईवर आले होते, त्याच सुमारास आपले हे तीन वैद्य आपला 'महानिघंटु' उघडून पाने-मुळ्यांचे गुण सांगत होते. सौ.ने तीन नावे दोनदा म्हणायला लावली. परक्या गावात माहेरचे माणूस भेटावे तसा तिचा चेहरा झाला होता.

तिथून आम्ही बूर्हावे संग्रहालयात गेलो. ही इमारतही आधी मठ, मग रुग्णालय. इथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या शवच्छेदन-मंडपाची प्रतिकृती लाकडात उभी केली आहे. मूळचा मंडप एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता. मधोमध टेबल आणि भोवती सर्कशीसारख्या चढत जाणाऱ्या गोल ओळी. हिवाळ्यात, मुडदा टिकेल अशा थंडीत, देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचे प्रेत इथे उघडले जाई. विद्यार्थी येत, तसे गावकरीही येत. ओळींच्या कठड्यांवर माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे उभे असत, त्यांच्या हातांत मृत्यूची आठवण देणारी लॅटिन वचने लिहिलेली निशाणे. एका सफरचंदाच्या झाडापाशी दोन सांगाडे होते, ते आदम आणि ईव्ह! म्हणजे शरीर फाडून पाहणे हे प्रारंभी देवाविरुद्धचे बंड नव्हतेच. ते जवळजवळ कीर्तन होते. बुवांच्या हातात चिपळ्यांऐवजी सुरी असे एवढेच.

याच संग्रहालयात विलेम कॉल्फ या डच डॉक्टरचे कृत्रिम मूत्रपिंड आहे. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखाली, त्याने ते बनवले. एक आडवे गोल पिंप आणि त्याला गुंडाळलेली सेलोफेनची नळी. रक्त त्या नळीतून फिरते आणि शुद्ध होते. मी त्यापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो. त्याला घरगुती कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला आहे. माझे हृदय चुकते तेव्हा तो त्याला ढोसतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी सौ.ने एकवीस मोदकांचा नैवेद्य बोलला होता. ते समजण्यासारखे आहे. पण शस्त्रक्रियागृहाच्या दारावर गणपतीची तसबीर होती, आणि आमचे डॉक्टर आत शिरताना तिला हात जोडून गेले, हे मी स्ट्रेचरवरून पाहिले. नंतर मी त्यांना थट्टेने विचारले, "डॉक्टर, यंत्रावर भरवसा नाही का?" ते म्हणाले, "यंत्रावर आहे हो. माझ्या हातासाठी थोडा मागून घेतो." तेव्हापासून हा प्रश्न माझ्या कातडीखाली आहे, अगदी शब्दशः. लायडनला मी आलो तो त्यासाठी.

माणसाचे शरीर हे यंत्र आहे, असे ठासून सांगणारा देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ हॉलंडात वीस वर्षे राहिला. १६३० मध्ये त्याने इथल्या विद्यापीठात नाव नोंदवले, आणि १६३७ मध्ये त्याचा पहिला ग्रंथ याच गावात, लेखकाच्या नावाशिवाय, छापला गेला. घड्याळ जसे चाकांनी चालते तसे शरीर आपल्या अवयवांनी चालते. त्याला हलवायला आत्मा लागत नाही. आत्मा निराळा, विचार करणारा, अमर. मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीपाशी त्याची आणि शरीराची गाठ पडते. देकार्तला वाटले होते की अशी वाटणी करून दिली म्हणजे दोन्ही भावांत तंटा राहणार नाही. वाटणीने तंटे मिटतात असे ज्याला वाटते त्याने आपल्या कोकणात एकदा येऊन जावे.

शेजारच्या उत्रेख्त गावात रेगियस नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक हे नवे मत शिकवू लागला. धर्मशास्त्राचा प्राध्यापक व्होएतियस त्याच्यावर तुटून पडला आणि १६४२ मध्ये तिथल्या विद्यापीठाने या नव्या तत्त्वज्ञानाचा निषेध केला. व्होएतियसला आज खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तो अडाणी नव्हता, मोठा भाषापंडित होता. शरीर आत्म्यावाचून चालते असे एकदा मान्य केले, की उद्या कुणीतरी उठून आत्म्याचीच गरज काय असे विचारील, ही त्याची भीती. शंभर वर्षांनी नेमके तेच झाले, आणि तेही लायडनमध्येच. १६४७ मध्ये इथल्या धर्मपंडितांनीही देकार्तवर पाखंडाचा आरोप केला, तेव्हा विद्यापीठाच्या चालकांनी वैतागून हुकूम काढला की देकार्तचे नाव अनुकूल वा प्रतिकूल कुणीच काढायचे नाही. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत, तसेच हे झाले. नाव न घेता संसार मात्र त्याच्याशीच चालला होता.

पुढे १६६० मध्ये निकोलस स्टेनो हा बावीस वर्षांचा डेन्मार्कचा तरुण इथे शिकायला आला. तोंडात लाळ आणणारी एक नळी त्याने शोधली, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. देकार्तच्या मते हृदय ही भट्टी होती. तिच्या उष्णतेने रक्त उसळते. स्टेनोने हृदय उकलून पाहिले, तर ते साधा स्नायू निघाले, हातापायाला असतो तसा. मेंदूतल्या त्या ग्रंथीबद्दलही देकार्तचे वर्णन चुकीचे होते, हे त्याने १६६५ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे सांगितले. आता आपल्याला वाटेल की असा माणूस पुढे पक्का नास्तिक झाला असेल. झाले ते उलटेच. जे पंडित सुरीने तपासता येणाऱ्या गोष्टीत इतके चुकले, त्यांचे देव आणि आत्म्याबद्दलचे बोलणे मी का मानावे, असा त्याने हिशेब मांडला. १६६७ मध्ये तो फ्लॉरेन्सला कॅथलिक झाला, पुढे बिशप झाला, आणि १९८८ मध्ये पोपने त्याला धन्य म्हणून घोषित केले.

दुपारी आम्ही पीटर्सकर्कमध्ये गेलो. एवढे मोठे चर्च, पण आता तिथे नेहमीची उपासना होत नाही, समारंभ होतात. इथे हेर्मान बूर्हावेची कबर आणि स्मारक आहे. हा पाद्र्याचा मुलगा, जन्म १६६८. त्यालाही पाद्रीच व्हायचे होते. एकदा घोड्याने ओढायच्या कालव्यातल्या बोटीत कुणी प्रवासी स्पिनोझाला शिव्या घालत होता. बूर्हावेने शांतपणे विचारले, "आपण त्याचे पुस्तक वाचले आहे का?" एवढेच! पण शेजारच्या दुसऱ्या प्रवाशाने त्याचे नाव टिपून घेतले, आणि बोट गावाला लागून थोडा काळ लोटतो तोच बूर्हावे स्पिनोझाचा चेला असल्याची बातमी सर्वत्र झाली. धर्मोपदेशकाची वाट बंद झाली, म्हणून तो वैद्यकाकडे वळला. बोटीतल्या त्या चहाडखोराचे वैद्यकावर उपकार आहेत.

१७०३ मध्ये बूर्हावेने वैद्यकात यंत्रशास्त्राच्या विचाराचा उपयोग काय, यावर भाषण दिले. त्याच्या मते शरीर म्हणजे नळ्या आणि त्यांतून वाहणारे रस. प्रवाह मोकळा असला की आरोग्य, तुंबला की रोग. १७०९ पासून ती वनस्पतिबागही त्याच्याच हाताखाली होती. सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या, अशा बारा खाटांपाशी उभा राहून तो शिकवी, आणि त्यासाठी युरोपभरातून विद्यार्थी येत. त्या खाटा होत्या सेसिलिया रुग्णालयात, म्हणजे सकाळी आम्ही पाहिलेल्या संग्रहालयाच्याच इमारतीत. आणि हा नळ्या-पंपांचा वैद्य रोज पहाटेचा पहिला तास प्रार्थनेत घालवी. शरीर कसे चालते ते मी सांगतो. विचार कसा उगवतो, पहिले कारण कोणते, हे वैद्याने विचारू नये, त्याने रोगी बरा होत नाही, अशी त्याची भूमिका. स्मारकावर त्याचे ब्रीद कोरले आहे: साधेपणा ही सत्याची मुद्रा. सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपल्या डॉक्टरांसारखेच झाले." मलाही तसेच वाटत होते. पण त्याची ती मर्यादा मानायला जो तयार नव्हता, तोही त्याच्याच वर्गात बसून गेला होता.

तो ला मेत्री, फ्रान्सचा. बूर्हावेकडे शिकला, त्याच्या ग्रंथांची फ्रेंच भाषांतरे केली, लष्करात डॉक्टर झाला. १७४४ मध्ये फ्रायबुर्खच्या वेढ्यात त्याला ताप चढला, आणि शरीर ढासळले की विचारही ढासळतात हे त्याने स्वतःवरच पाहिले. ज्याने अतिदक्षता विभागात चार रात्री काढल्या आहेत, तो या निरीक्षणाला हसणार नाही. मग आत्मा हा निराळा कशाला धरायचा? १७४७ च्या अखेरीस लायडनच्या एली लुझाक या प्रकाशकाने त्याचे 'मनुष्य-यंत्र' हे पुस्तक निनावी छापले. चर्चच्या मंडळींनी लुझाकला बोलावून प्रती मागितल्या आणि लेखकाचे नाव विचारले. त्याने प्रती दिल्या, नाव दिले नाही. वर 'मनुष्य यंत्राहून अधिक' असे उत्तराचे पुस्तकही काढले; ते त्याने स्वतःच लिहिले असे मानतात. व्यापार आणि विचारस्वातंत्र्य यांची एवढी सुरेख जोडी मी दुसरी पाहिली नाही. ला मेत्रीला हॉलंडही सोडावे लागले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने त्याला आश्रय दिला. तिथे १७५१ मध्ये, एका मेजवानीत भरपूर खाल्ल्यानंतर आजारी पडून, तो एकेचाळिसाव्या वर्षी वारला. सारे पाद्री म्हणाले, पाहा, यंत्र बिघडले! मला हे हसणे आवडत नाही. आजारी माणसाचे मन शरीराबरोबर का खचते, हा त्याचा प्रश्न मेजवानीने खोटा ठरत नाही.

आता राहिला स्पिनोझा, ज्याच्या नावावर बूर्हावेची पाद्रीगिरी बुडाली. लायडनहून बसने राइन्सबुर्खला जाता येते, अगदी जवळ. १६६१ पासून सुमारे दोन वर्षे तो या खेड्यात भाड्याने राहिला. विटांचे बसके घर, खाली भिंगे घासण्याची खोली. इथे त्याच्याजवळ असतील तशा जुन्या ग्रंथांची कपाटे लावली आहेत. १९२० साली आइन्स्टाइन येऊन गेला. घर इतके शांत आहे की माझ्या पेसमेकरचाच आवाज येतो की काय, असे मला वाटले. अर्थात त्याला आवाज नसतो.

लायडनमध्ये स्टेनो निरनिराळ्या जनावरांचे मेंदू उकलीत असे, तेव्हा हा स्पिनोझा ते पाहायला रोज येई. हे आपल्याला कळते ते स्वतः स्टेनोच्याच लेखणीतून, पण कुठल्या कागदात ते पाहा. १६७७ मध्ये स्पिनोझा वारला. त्याच वर्षी रोममध्ये स्टेनोच्या हाती त्याच्या 'एथिक्स' या अप्रकाशित ग्रंथाची हस्तलिखित प्रत आली, आणि त्याने ती धर्मन्यायालयाच्या स्वाधीन केली, जुन्या मित्राविरुद्धच्या तक्रारीसह. रोजच्या भेटींचा उल्लेख त्या तक्रारीत आहे. स्टेनोच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. मित्राच्या विचारांनी लोकांचे आत्मे नासतील, असे त्याला मनापासून वाटत होते. तरी त्या लहानशा खोलीत उभे राहून मला त्याचा राग आला, तो तिथून निघेपर्यंत गेला नाही.

ग्रंथ काही थांबला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हॉलंडात छापून निघाला. छापखान्याकडे गेलेले हस्तलिखित नाहीसे झाले. स्टेनोने दिलेली प्रत मात्र धर्मन्यायालयाने कुलपात ठेवली, आणि २०१० मध्ये ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडली. 'एथिक्स'चे आज जगात शिल्लक असलेले हस्तलिखित तेवढे एकच आहे.