भाचेबुवा, या; पण बहिरमच्या दिवसांत

चांदूर बाजार

प्रिय भाचेबुवांस मामाचा सप्रेम नमस्कार.

वयानं तू लहान, पण वऱ्हाडात मामाच भाच्याच्या पाया पडतो, म्हणून आशीर्वाद लिहीत नाही.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या इंग्लंडातल्या खेड्यात एक चर्च, एक पब, दिवसातून मोजक्या बस आणि पोस्ट बंद झाल्यापासून टपालाचं काम किराणा दुकानात, हे मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग पोरगं राह्यते कसं तिथं?" आता तू सूनबाईंना नि लेकरांना घेऊन येणार आणि विचारतोस, गावात पाहण्यासारखं काय आहे? खरं सांगू? गावात फारसं काही नाही. जे आहे ते भोवताली.

चांदूर हे कामाचं गाव. खेड्यांवरचा माणूस तहसीलला, बँकेत, बाजार समितीत येतो, पोराला वही-पेन, घरी सांबार-भाजी घेतो आणि एसटीनं नाहीतर काळीपिवळीनं परत जातो. पोरं टोम्पे कॉलेजात पदवीपर्यंत शिकतात. पुढे नोकरी नाही म्हणून पुणं गाठतात. छातीत दुखलं की अमरावती, चाळीसेक किलोमीटर. शिवाय राजकारण! बेलोऱ्याचे बच्चू कडू 2004 पासून सलग चारदा अचलपूरचे आमदार झाले, 2024 मध्ये पडले. का पडले, यावर चहाच्या टपरीवर अजून एकमत नाही. तू बसलास तर तुझंही मत मागतील.

आता आपल्याकडे रेल्वेही आहे. नरखेड-अमरावती मार्ग झाला, मेमू थांबते. पण तिकीट काढताना डोळे उघडे ठेव. चांदूर रेल्वे निराळं, तेही याच जिल्ह्यात, मुंबई-नागपूर मार्गावर. कोणाचा ना कोणाचा पाहुणा तिथं उतरतो आणि फोन करतो, "मी चांदूरला आलो, तुम्ही कुठं?" त्यापेक्षा बडनेऱ्याला उतर, मी गाडी घेऊन येतो. वाटेत वलगावला पेढी नदी लागेल. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी तिथंच देह ठेवला. लेकरांना उतरवून ती जागा दाखवू.

मग माधान, गुलाबराव महाराजांचं गाव. महाराज तान्हेपणीच आंधळे झाले, तरी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन शंभराच्या वर पुस्तकं सांगून गेले. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. 1881 ते 1915, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातलं, पण आपल्या शेजारचंच. गोविंदप्रभूंचं गाव, म्हाइंभटांनी लीळाचरित्र तिथंच सिद्ध केलं, महदंबेचे धवळेही तिथलेच. मराठी भाषा विद्यापीठ 2024 पासून तिथं सुरू झालंय. माझ्या मते ते पुण्या-मुंबईत नाही, हेच उत्तम झालं. विश्रोळीचं पूर्णेवरचं धरण लेकरांना आवडेल, तिथं फार वेळ लागत नाही.

पण खरी गोष्ट बहिरम. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, आपल्याच तालुक्यात. यात्रा 20 डिसेंबरच्या सुमारास लागते ती जानेवारी संपेपर्यंत. बहिरम म्हणजे भैरव. मूर्तीला लोणी आणि शेंदूर चोपडतात. पूर्वी तिथं पशुबळी चाले, तमाशाचे फड उभे राहत. बळी बंद व्हावेत म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं ते गाडगेबाबाच. मटण मात्र गेलं नाही. देवापुढून उठून राहुटीत आलं. आपले लोक राहुट्या ठोकतात आणि सगेसोयरे बोलावतात. मातीची हंडी लाकडाच्या विस्तवावर चढते, मसाला घरून वाटून आणलेला. झाकणाच्या कडेनं रस्सा उतू आला की म्हातारे हंडीचं तोंड फडक्यात धरून तिला हिसके देतात, पळी घालत नाहीत. तुझे आजोबा पळी घालणाऱ्याला राहुटीबाहेर काढत. शाकाहारी माणसाला रोडगे आणि वांग्याची भाजी. सूनबाईंना तेच देऊ, तेही काही कमी नाही.

त्याच दिवसांत संत्रा पाहायला मिळेल. आंबिया बहार उतरत आलेला असतो, आणि पुढच्या फुलोऱ्यासाठी बागेचं पाणी तोडून ताण दिलेला असतो. बाग दिसायला उदास, पण कास्तकाराला तेच हवं असतं. यंदा फळगळ फार झाली. तशात बांगलादेशनं आयात शुल्क चढवत नेलं, तेव्हापासून व्यापारी बागेत येतो तोच भाव पाडत. बोअर दरवर्षी खोल जातंय. शेजारच्या वावरातल्या दोन बागा कुऱ्हाडीनं तोडल्या, तिथं आता तूर उभी आहे. तुला हेही दाखवीन. फक्त हंडी खाऊन परत गेलास तर गाव पाहिलं असं मी धरणार नाही.

उन्हाळ्यात येऊ नकोस. मे महिन्यात इथं दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, आणि तुझी लेकरं पहिल्याच दिवशी आजारी पडतील. नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढ. तारीख पक्की झाली की लगेच कळव, राहुटीची जागा आधी धरावी लागते.

तुझा,
मामा